नव्या कन्सोलची किंमत जाहीर होण्याआधी आपला आकडा कसा काढायचा

"मामा, पुढचा प्लेस्टेशन केवढ्याला येईल?" डोंबिवलीहून भाच्याचा हा फोन गेल्या वर्षभरात मला चार-पाच वेळा तरी आला असेल. प्लेस्टेशन म्हणजे सोनीचा कन्सोल, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. तो बी.कॉम. करतोय, शनिवार-रविवार शिकवण्या घेतो आणि त्यातले पैसे बाजूला टाकतो. महिन्याला दोन हजार टाकायचे की चार हजार, हे ठरवण्यासाठी त्याला आकडा हवा होता. "बघू, जाहीर होऊ दे" म्हणून किती दिवस टाळणार? शेवटी एका रविवारी त्याला घरी बोलावलं आणि वही उघडून बसलो. त्या वहीतली रीत इथे लिहितो आहे.

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात काम करतो. न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या मालाची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीची कागदपत्रं, भरणं, ड्युटीचा हिशेब करणं, माल सोडवणं हा रोजचा धंदा. त्यामुळे परदेशातल्या किमतीची भारतात येता येता काय अवस्था होते, ते रोज पाहतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीच्या कन्सोलची रचना करणारे मार्क सर्नी एएमडी या चिप कंपनीसोबतच्या नव्या तंत्रज्ञानाबद्दल बोलले, तेव्हा हे पुढच्या कन्सोलमध्ये काही वर्षांनी दिसेल असं त्यांनी सांगितलं. मायक्रोसॉफ्टनेही जून २०२५ मध्ये एएमडीसोबत पुढच्या पिढीचं काम चालू असल्याचं जाहीर केलं. म्हणजे हातात वेळ आहे. खालच्या उदाहरणांत नव्या कन्सोलची जी डॉलरची किंमत धरली आहे ती फक्त हिशेब दाखवण्यापुरती. रीत शिका, आकडे त्या-त्या वेळी बदला.

पायरी १: जुन्या किमती एका पानावर उतरवा

सुरुवात इथूनच करा. पुढे कुठलीही बातमी वाचली की याच पानाशी ताडून बघायची आहे. डावीकडे अमेरिकेतली किंमत, मधे त्या वेळचा डॉलर, उजवीकडे भारतातली किंमत. पीएस म्हणजे प्लेस्टेशन; एक्सबॉक्स हा मायक्रोसॉफ्टचा कन्सोल.

- पीएस ३, एप्रिल २००७: ५९९ डॉलर, डॉलर साधारण ४२ रुपये, भारतात ३९,९९०.
- पीएस ४, जानेवारी २०१४: ३९९ डॉलर, डॉलर ६२, भारतात ३९,९९०.
- एक्सबॉक्स वन, सप्टेंबर २०१४: आधीच्या वर्षी अमेरिकेत ४९९ डॉलरला आलेला, डॉलर ६१, भारतात ४५,९९०.
- एक्सबॉक्स सिरीज एक्स, नोव्हेंबर २०२०: ४९९ डॉलर, डॉलर ७४, भारतात ४९,९९०.
- एक्सबॉक्स सिरीज एस, त्याच दिवशी: २९९ डॉलर, भारतात ३४,९९०.
- पीएस ५, फेब्रुवारी २०२१: ४९९ डॉलर, डॉलर ७३, भारतात ४९,९९०. डिजिटल एडिशन (डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल) ३९९ डॉलर, भारतात ३९,९९०.
- पीएस ५ ची वाढीव किंमत, नोव्हेंबर २०२२: अमेरिकेत तेव्हा ४९९ च, डॉलर ८२, भारतात ५४,९९०.

हे पान पूर्ण झालं तसा भाचा म्हणाला, "सोपं आहे की, एका डॉलरला शंभर रुपये!" पीएस ४ ला ३९९ चे ३९,९९०, पीएस ५ ला ४९९ चे ४९,९९०. बरेच जण हाच ठोकताळा वापरतात, आणि तो दोन पिढ्या बरोबर निघालाही. पण तो योगायोग होता. २०१४ मध्ये डॉलर ६२ चा असताना शंभर रुपये लागत होते, २०२१ मध्ये ७३ चा असताना पण शंभरच. म्हणजे मधल्या काळात आपल्यावरचा जादा बोजा कमी झाला, रुपया घसरला, आणि दोन्ही एकमेकांत बसून गेले. डॉलर नव्वदच्या पुढे गेला की शंभरचा हिशेब कोलमडतो.

म्हणून खरं गणित वेगळं करायचं: अमेरिकेतली किंमत गुणिले डॉलरचा दर, आणि जे येईल त्याने भारतातल्या किमतीला भागायचं. याला मी "चढ" म्हणतो. पीएस ३ चा चढ येतो १.५९, पीएस ४ चा १.६२, एक्सबॉक्स वनचा १.५१, सिरीज एक्सचा १.३५, पीएस ५ चा १.३७. आणि नोव्हेंबर २०२२ च्या वाढीव किमतीचा? १.३४. मला या सगळ्या पानातला सर्वांत बोलका आकडा हाच वाटतो. पीएस ५ पाच हजारांनी महागला तेव्हा समाजमाध्यमांवर लोकांनी कंपनीला शिव्या घातल्या, पण चढ होता तिथेच होता. कंपनीने घसरलेल्या रुपयाचा भार गिऱ्हाइकावर टाकला, एवढंच.

सिरीज एसचा चढ मात्र १.५८ येतो. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आलेले दोन कन्सोल, तरी एकाचा १.३५ आणि दुसऱ्याचा १.५८. स्वस्त मॉडेल भारतात त्या मानाने महाग पडू शकतं, हे इथे लिहून ठेवा. ज्यांचा डोळा धाकट्या मॉडेलवर आहे त्यांनी तर नक्कीच.

तर चढाचा पट्टा मिळाला: खालचं टोक १.३५, वरचं टोक १.६. अलीकडच्या अनुभवावरून मी खालच्या टोकाच्या बाजूने झुकतो.

पायरी २: अमेरिकेतली किंमत किती असेल याचा अंदाज

इथे दोन गोष्टी बघायच्या: बनवायला किती लागतात आणि समोरचा काय करतो.

कन्सोल हा नेहमी नफ्यावर विकला जातो असं नाही. पीएस ३ बाजारात आला तेव्हा आयसप्लाय या संस्थेने तो उघडून सुट्या भागांचा खर्च काढला होता: २० जीबीच्या मॉडेलला सुमारे ८०६ डॉलर, ६० जीबीला ८४०. विक्री मात्र ४९९ आणि ५९९ ला. प्रत्येक डब्यामागे कंपनी दोनशे-तीनशे डॉलर घालवत होती, आणि तरीही लोक "फार महाग" म्हणत होते. सोनीला त्या धड्याचा विसर पडला नाही. पीएस ४ चा भागांचा खर्च आयएचएस या संस्थेच्या हिशेबाने ३८१ डॉलर होता आणि किंमत ३९९. पीएस ५ सुरुवातीला तोट्यात विकला गेला, पण ऑगस्ट २०२१ मध्ये सोनीने सांगितलं की ४९९ डॉलरच्या मॉडेलवर आता तोटा होत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा एक्सबॉक्सचे प्रमुख असलेले फिल स्पेन्सर २०२२ मध्ये म्हणाले होते की ते प्रत्येक कन्सोलमागे १०० ते २०० डॉलर स्वतः सोसतात. निन्टेन्डो या तिसऱ्या कन्सोल कंपनीचा पिंड वेगळा, त्यांना तोट्यात यंत्र विकायला सहसा आवडत नाही.

यातून काय घ्यायचं? "भाग ६०० डॉलरचे आहेत म्हणजे किंमत ७०० असेल" असं कोणी छातीठोक सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. कंपनी गेम आणि सबस्क्रिप्शनमधून वसुली करते, त्यामुळे यंत्राची किंमत खर्चाच्या खालीही असू शकते. पण सोसण्याला मर्यादा आहे, आणि २०२५ पासून ती मर्यादा आवळत चालली आहे. मेमरी चिपचे भाव २०२५ च्या अखेरीस भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी तयार करण्यात चिप कंपन्या गुंतल्या. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. कन्सोलमध्ये मेमरी आणि एसएसडी (गेम साठवायचा भाग) हे दोन्ही मोठे खर्च आहेत. नव्या कन्सोलच्या अफवेत मेमरी ३२ जीबी म्हटली आहे की २४, हे म्हणूनच बघायचं.

आता समोरचा. १९९५ मध्ये सेगा कंपनीने सॅटर्न हा आपला कन्सोल ३९९ डॉलरला जाहीर केला, आणि त्याच प्रदर्शनात सोनीच्या माणसाने मंचावर येऊन "२९९" एवढंच सांगून प्लेस्टेशनची किंमत जाहीर केली. २०१३ च्या जूनमध्ये तेच पुन्हा झालं: सकाळी मायक्रोसॉफ्ट ४९९, संध्याकाळी सोनी ३९९. म्हणून आता दोघंही दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून थांबतात. २०२० मध्ये सोनीने जूनमध्ये यंत्र दाखवलं पण किंमत सांगितली नाही. ८ सप्टेंबरला सिरीज एसची किंमत फुटली, मायक्रोसॉफ्टला ती कबूल करावी लागली, दुसऱ्या दिवशी सिरीज एक्सची किंमत आली, आणि १६ सप्टेंबरला सोनी बोलली. तेव्हा पहिल्या कंपनीची किंमत आली की दुसरीची एक-दोन आठवड्यांत येण्याची शक्यता धरा, आणि ती पहिलीच्या फार वर जाणार नाही असंही धरा.

शेवटी, दुकानात आत्ता काय लागलंय ते बघा. नवा कन्सोल जुन्याच्या खाली येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत पीएस ५ ची किंमत ५४९ डॉलर झाली, पीएस ५ प्रो हे वरचं मॉडेल ७४९ ला गेलं. सिरीज एक्स ऑक्टोबर २०२५ मध्ये ६४९ वर पोहोचला. निन्टेन्डो स्विच २ जून २०२५ मध्ये ४४९ ला आला. पाच वर्षं जुनं यंत्र ५४९ वर गेलेलं असताना नवं ४९९ ला येईल, ही आशा मी तरी धरणार नाही. वहीत आम्ही तीन रकाने पाडले: ४९९, ५९९, ६९९. मधल्याला जास्त वजन.

पायरी ३: कर धरलाय की नाही

छोटी पायरी आहे, पण अर्धे लोक इथेच चुकतात. अमेरिकेत सांगितलेल्या किमतीत विक्रीकर नसतो, तो राज्याप्रमाणे वर लागतो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये व्हॅट आतच असतो. भारतातली एमआरपी सर्व करांसह असते. त्यामुळे ४९९ युरो आणि ४९९ डॉलर एकमेकांशेजारी ठेवून "भारतात लुटतात" असं म्हणण्याआधी कर वेगळे काढा. तुलनेसाठी नेहमी डॉलरचीच किंमत घ्या, म्हणजे पान १ शी मेळ बसतो.

पायरी ४: डॉलर कोणता धरायचा

आजचा दर धरू नका. कंपनी किंमत ठरवते ती काही महिने आधी, आणि पुढचं वर्षभर ती टिकवायची असते. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० ओलांडले. लॉन्च दीड-दोन वर्षांवर असेल तर आजच्या दरात थोडी घसरण मिळवूनच चला. आम्ही उदाहरणासाठी ९० धरला. तुम्ही हे वाचताना जो दर असेल त्याच्यावर दोन-तीन रुपये चढवा.

ऑफिसातली एक गोष्ट सांगतो. ड्युटीसाठी आम्ही बँकेचा दर वापरत नाही. कस्टम्स आपला विनिमय दर महिन्यातून दोनदा ठरवतं आणि आयातीला तोच लागतो. घरगुती हिशेबाला याने फरक पडत नाही, पण कंपनीचा माणूस "डॉलर आज पन्नास पैशांनी उतरला" म्हणून किंमत बदलत बसत नाही, हे त्यातून कळतं.

पायरी ५: ड्युटीने उलटा पडताळा

ही माझी आवडती पायरी. चढ कुठून येतो ते इथे दिसतं, आणि अर्थसंकल्पात ड्युटी बदलली तर आपला आकडा किती हलेल हेही.

व्हिडिओ गेम कन्सोल कस्टम्सच्या ९५०४ या शीर्षकाखाली येतात. २०१८ च्या अर्थसंकल्पात त्यांची मूळ ड्युटी १० वरून २० टक्के झाली. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. जीएसटी आधी २८ टक्के होता, तो १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला.

१०० रुपयांचा माल बंदरावर उतरला असं धरा. मूळ ड्युटी २०, अधिभार २, झाले १२२. त्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे २१.९६. हा आयजीएसटी आयातदाराला पुढे विक्रीच्या जीएसटीतून वळता करता येतो, म्हणून तो दोनदा मोजू नका. बहुतेक लोक इथे घोळ घालतात. तर १२२ वर वितरक आणि दुकानदार मिळून दहा टक्के धरा. हे माझं गृहीतक आहे. झाले १३४.२०. त्यावर १८ टक्के जीएसटी: १५८.३६. बंदरावरचे शंभर रुपये गिऱ्हाइकाच्या हातात जाताना १५८ होतात.

आता हे उलटं चालवा. पीएस ५ ची एमआरपी ४९,९९०. भागिले १.५८४, येतात सुमारे ३१,५६०. त्या वेळच्या ७३ ने भागले की ४३२ डॉलर. अमेरिकेत ४९९ ला मिळणारं यंत्र बंदरावर ४३२ च्या आसपास उतरलं असेल तर ते अगदी शक्य आहे, कारण ४९९ मध्ये तिथल्या दुकानाचा वाटाही आहे. भाच्याला हे पटायला दहा मिनिटं लागली. त्याला वाटत होतं कर ४९९ वर लागतो. कर लागतो तो आयातीच्या किमतीवर, अमेरिकेतल्या दुकानाच्या किमतीवर नाही. म्हणूनच १.५८ ऐवजी चढ १.३७ दिसतो.

उद्या सरकारने मूळ ड्युटी पुन्हा १० केली तर? १०० चे १११, दहा टक्क्यांसह १२२.१०, जीएसटीसह १४४. म्हणजे एमआरपी साधारण नऊ टक्क्यांनी खाली येऊ शकते, कंपनीने तो फायदा खाली सोडला तर. फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो तेव्हा ९५०४ वर नजर ठेवायची ती यासाठी.

पायरी ६: आकडा काढा आणि गोल करा

डॉलर ९० धरून:

४९९ डॉलर असेल तर खालचं टोक ६०,६०० च्या आसपास, वरचं ७१,९००.
५९९ असेल तर ७२,८०० ते ८६,३००.
६९९ असेल तर ८४,९०० ते एक लाखाच्या किंचित वर.

भारतात या किमती ९९० वर संपतात आणि बहुधा ४,९९० किंवा ९,९९० वर बसतात: ३४,९९०, ३९,९९०, ४४,९९०, ४९,९९०, ५४,९९०. एक्सबॉक्स वनचे ४५,९९० हा अपवाद. म्हणून ७२,८०० आले की ६९,९९० किंवा ७४,९९० वाचा. आमच्या वहीत मधल्या रकान्यात ७४,९९० भोवती गोल काढलाय, आणि खाली पेन्सिलीने "वाईट वेळ आली तर ८४,९९०".

पायरी ७: बातम्यांना वजन द्या

रोज एक व्हिडिओ निघतो, रोज नवी किंमत. मी त्यांना तीन दर्जे देतो. ई-कॉमर्सच्या पानावर लागलेली किंमत शून्य वजनाची, कारण पान तयार करताना कुठला तरी आकडा भरावा लागतो. परदेशी दुकानाच्या आतल्या यादीतून फुटलेली किंमत लॉन्चच्या दोन-चार आठवडे आधी आली तर तिला वजन आहे. सुट्या भागांच्या बातम्या वर्षभर आधी कामाच्या, नंतर नाहीत.

भारतासाठी आणखी एक खूण आहे, जी फारसं कोणी बघत नाही. व्हिडिओ गेमची यंत्रं सक्तीच्या नोंदणी आदेशात येतात, त्यामुळे भारतात विकण्याआधी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते. वाय-फाय आणि ब्लूटूथ असल्यामुळे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी शाखेची मंजुरीही लागते. मॉडेल नंबर या नोंदींत दिसला की माल यायला निघाला असं समजा.

आणि मंजुरी अडली तर माल येतच नाही. पीएस ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, पण भारतात तेव्हा आला नाही. सोनीने कारण सांगितलं की त्यातलं वाय-फाय ७ वापरतं तो ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे खुला झालेला नव्हता. आकडा कितीही चोख काढला तरी हा प्रश्न आधी विचारायला हवा: हे मॉडेल भारतात येणार आहे का?

पायरी ८: डब्यात काय नाही

एमआरपी हे पूर्ण बिल नव्हे. पीएस ५ प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही, लॉन्चच्या वेळी अमेरिकेत तो वेगळा ७९.९९ डॉलरला घ्यावा लागत होता. उभं ठेवायचा स्टँडही वेगळा. भारतात हा मुद्दा मोठा आहे, कारण आपल्याकडे बरेच जण डिस्क घेतात, खेळून झाली की विकतात किंवा मित्राशी अदलाबदल करतात. डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल स्वस्त दिसतं, पण वर्षाला चार गेम घेणाऱ्याला ते महाग पडू शकतं.

गेम आणि कंट्रोलरला कन्सोलचा चढ लावू नका. पीएस ५ च्या सुरुवातीला ६९.९९ डॉलरचा गेम इथे ४,९९९ ला होता, म्हणजे डॉलरला ७१ रुपये, जवळपास सरळ दरानेच. तेवढ्याच डॉलरचा कंट्रोलर ५,९९० ला, डॉलरला साधारण ८६ पडले.

भाच्याचं पान असं झालं: कन्सोल ७५,०००, एक गेम, वर्षभराचं सबस्क्रिप्शन धरून एकूण ८५,०००. दोन वर्षं हातात धरली तर महिन्याला साडेतीन हजारांच्या थोडं वर. त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. "नो कॉस्ट" ईएमआय घेणार असाल तर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच अंगावर येतो, तो कागदावर मांडून घ्या.

थांबलं तर स्वस्त होईल का?

माझ्या पिढीचं उत्तर "हो" होतं. पीएस २ अमेरिकेत २९९ ला आला आणि २००२ मध्ये १९९ झाला. पीएस ३ तीन वर्षांत २९९ वर उतरला. निन्टेन्डोने तर हातात धरून खेळायचा ३डीएस २४९.९९ ला आणून पाच महिन्यांतच १६९.९९ केला. चिप दरवर्षी स्वस्त व्हायची, म्हणून यंत्रही स्वस्त व्हायचं.

पीएस ५ ने हे उलटं केलं. पाच वर्षांनंतर तो लॉन्चपेक्षा महाग आहे, अमेरिकेत आणि भारतातही. म्हणून "वर्षभर थांब, उतरेल" हा सल्ला मी आता कोणाला देत नाही. छापील किंमत उतरेल याची वाट बघू नका. मात्र सवलतीची वाट बघायला हरकत नाही: जुलै २०२३ मध्ये पीएस ५ वर ७,५०० ची सूट लागली आणि ५४,९९० चा कन्सोल ४७,४९० ला मिळाला, लॉन्चच्या किमतीपेक्षाही कमी. पहिल्या दिवशीच हवा असा हट्ट नसेल तर लॉन्चनंतरच्या वर्ष-दोन वर्षांतली अशी एखादी ऑफर गाठा.

लॅमिंग्टन रोडवर पाऊल ठेवण्याआधी

अमेरिकेत कन्सोल येतो आणि भारतात यायला वेळ लागतो. पीएस ३ ला पाच महिने, पीएस ४ ला दोनापेक्षा थोडे कमी, पीएस ५ ला जवळपास पावणेतीन, एक्सबॉक्स वनला दहा. या मधल्या काळात ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारली, किंवा हाजी अलीच्या हिरा पन्ना बाजारात गेलं, की परदेशातून परस्पर आलेला माल दिसतो. २०२० च्या डिसेंबरात मी एका दुकानात उभा होतो. दुकानदाराने काउंटरखालून पीएस ५ चा डबा काढला, पांढरा, कडा जरा चेपलेल्या. मी सवयीने तो उलटा केला आणि आयातदाराचा स्टिकर शोधू लागलो. अधिकृत आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेला स्टिकर असावाच लागतो, २०११ च्या वजनमापे नियमांप्रमाणे. त्या डब्यावर अरबी मजकूर होता, दुबईचा माल. स्टिकर कुठल्याच बाजूला नव्हता. मी वॉरंटीचं विचारलं. "सात दिवस मी बघतो," तो म्हणाला. बिल मागितलं तर हाताने लिहिलेली चिठ्ठी देणार होता. सांगितलेल्या रकमेत दोन महिन्यांनी अधिकृत कन्सोल, जादा कंट्रोलर आणि दोन-तीन गेम आले असते.

यंत्र चालत नाही असं नाही. पीएस ५ चा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्ट घेतो, गेमच्या डिस्कला प्रांताचं बंधन नाही. अडतं ते वॉरंटीपाशी, आणि डीएलसी (गेमचा वेगळा विकत घ्यायचा जादा भाग) डिस्कच्या प्रांताच्या खात्यातूनच घ्यावं लागतं तिथे. निन्टेन्डोची गोष्ट वेगळी. ते भारतात अधिकृतपणे विकतच नाहीत, तेव्हा स्विच घेणाऱ्याला हाच रस्ता आहे आणि वरचा चढही लागू पडत नाही. तिथे तीन-चार दुकानांचे भाव विचारा आणि छापील बिल देणाऱ्याकडून घ्या. कोणी नातेवाईक दुबईहून आणणार असेल तर कस्टम्सच्या संकेतस्थळावर सामानाच्या सवलतीची चालू मर्यादा आधी बघा. २०१६ च्या नियमांत ती ५०,००० होती. नवा कन्सोल त्यात बसेल असं धरून चालू नका.

अधिकृत माल आल्यावरही पहिले काही महिने टंचाई असते, तेव्हा एमआरपीवर "प्रीमियम" मागितला जातो किंवा नको असलेले दोन गेम गळ्यात मारले जातात. एमआरपीच्या वर एक रुपया घेणं बेकायदेशीर आहे. बिलावर प्रत्येक वस्तू वेगळी लिहायला सांगा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे.

प्रीबुकिंगचा दिवस

१२ जानेवारी २०२१, दुपारी बारा वाजता पीएस ५ चं प्रीबुकिंग उघडलं. मी ऑफिसात लॅपटॉपवर, भाचा घरी मोबाइलवर. बारा वाजून एका मिनिटाने कन्सोल माझ्या कार्टमध्ये होता. पत्ता टाकायला गेलो तर पिनकोडची चौकट लाल झाली. जुन्या घराचा पत्ता सेव्ह होता, तो खोडून नवा भरेपर्यंत ओटीपी आला, तो टाकेपर्यंत पान गोल गोल फिरायला लागलं, आणि उघडलं तेव्हा "स्टॉक संपला". काही मिनिटांत देशभरचा माल गेला होता. भाचा फोनवर काहीच बोलला नाही, फक्त श्वास ऐकू येत होता. तेव्हा तो शाळेत होता.

म्हणून या वेळी आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय: तीन साइटवर खातं आधीच उघडायचं, पत्ता आणि पिनकोड तपासून ठेवायचा, कार्ड सेव्ह करायचं, कार्डाची ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा लाखापर्यंत वाढवून घ्यायची, ओटीपी येतो तो फोन हातात ठेवायचा. आणि त्या पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत: ७४,९९० पर्यंत लगेच घ्यायचा, ८४,९९० असेल तर ऑफर लागेपर्यंत थांबायचं, त्याच्या वर गेला तर पीएस ५ घ्यायचा. भाच्याने त्याखाली स्वतःची सही केली आहे.